बटणवाल्या बाई

कुणी एकच काम तिसऱ्यांदा करताना दिसलं की चौगुले बाईंना राहवत नसे. ते काम कुणाचं आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असले प्रश्न त्यांना पडत नसत. शाळेत रुजू झाले त्या आठवड्यात मी स्टाफरूममधल्या संगणकावर धड्याच्या स्लाइड तयार करत बसले होते. एका स्लाइडवरचं शीर्षक धरायचं, मोठं करायचं, मधोमध आणायचं, की पुढची स्लाइड. मागून आवाज आला, “थांब.” वळून पाहिलं तर करड्या काठाची सुती साडी, कपाळावर ढकललेला चष्मा, हातात खडूची पेटी. “मघापासून बघायलेय मी. एकदा केलं ते काम. दुसऱ्यांदा केलं तो सराव. तिसऱ्यांदा केली ती हमाली. आणि हमाली करायला बी.एड. लागत नाही. ऊठ.”

मी उठले. बाई बसल्या, दोन कळा एकदम दाबून त्यांनी एक कोरी पांढरी खिडकी उघडली, तिच्यात चार ओळी लिहिल्या आणि बटण दाबलं. बघता बघता सगळी शीर्षकं एका मापाची होऊन मधोमध जाऊन बसली. “याला मॅक्रो म्हणतात,” त्या म्हणाल्या. “काय करायचं ते एकदा नीट लिहून द्यायचं. मग तू म्हणशील तेव्हा, म्हणशील तितक्या वेळा ते करतंय.” मी विचारलं, “मॅडम, हे शिकायला किती दिवस लागतात?” चष्मा नाकावर आणून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “आधी मॅडम म्हणायचं सोड. बाई म्हण. मग शिकवते.”

ती शाळा तासगावची. बाई तिथं गणित शिकवायच्या. राहायला सांगलीत, भावाच्या घरी. लग्न केलेलं नव्हतं. सकाळच्या एसटीनं यायच्या आणि संध्याकाळी दिवस बुडायच्या आत जेवण व्हायला हवं म्हणून घंटा होताच निघायच्या. मुख्याध्यापकांची बैठक लांबली तर घड्याळाकडे न बघता खिडकीतल्या उन्हाकडे बघून उठायच्या. जैनाच्या घरचा नेम आहे, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. कुणी अडवत नसे.

मुलं त्यांना ‘बटणवाल्या बाई’ म्हणायची. त्यांच्या गणिताच्या स्लाइडवर खाली कोपऱ्यात एक हिरवी चौकट असे. ती दाबली की त्याच स्लाइडवर नवं उदाहरण यायचं. शेळ्या बदलायच्या, किमती बदलायच्या, टाकीतलं पाणी बदलायचं. त्यामुळे एका वर्गाची उत्तरं दुसऱ्या वर्गाला पुरवायचा धंदा बसला होता. एकदा मात्र पडद्यावर आलं, की एका मेंढपाळाकडे वजा चार शेळ्या आहेत. वर्ग हसून लोळायला लागला. एक पोरगं ओरडलं, “बाई, त्येच्या शेळ्या उधार हायती!” बाईही हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, “मशीन चुकलं नाही रे. शेळ्या शून्याच्या खाली जाऊ नयेत, हे मी सांगायचं राहिलं. न सांगता समजून घेतं ते माणूस.” आणि त्यांनी मधल्या सुट्टीत डबा न खाता आधी ती ओळ लिहिली.

न सांगता समजून घेतं ते माणूस, असं म्हणणाऱ्या बाई आणि शाळेतले माने सर बरीच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. हे मला शिपाईमामांकडून कळलं, कारण मी आले ती माने सरांच्याच जागेवर. सर भूगोल शिकवायचे. माण तालुक्यातले, दहिवडीच्या बाजूचे. ऐन दिवाळीत गावाकडं जाताना एसटीतच छातीत कळ आली आणि गेले. जानेवारीत त्यांच्या खुर्चीवर मी बसले.

भांडण अगदी साधं होतं. स्लाइडवर धडे घ्यायला शाळेत पहिल्यांदा या दोघांनीच सुरुवात केली. सर स्वतः काढलेले फोटो दाखवायचे, बाई बटणं करायच्या. एका बैठकीत सर सर्वांसमोर म्हणाले, “बटणं दाबून गणित येत नसतं.” बाईंनी तिथल्या तिथं उत्तर दिलं, “आणि फोटो दाखवून पाऊस येत नसतो.” सगळे हसले. सर हसले नाहीत. त्या साली त्यांच्या गावात पाऊस झालाच नव्हता. थोरला भाऊ मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी गावाबाहेर पडला होता. बाईंना ते ठाऊक नव्हतं. कळलं तोवर दिवस उलटून गेले होते, आणि मग रोज थोडे थोडे उलटतच राहिले. एकाच टेबलाशी बसून दोघं मामांमार्फत बोलायचे. “मामा, माने सरांना सांगा, नववी ब रिकामी आहे.” “मामा, बाईंना सांगा, ऐकू आलं.” मामा मला म्हणाले, “दोगंबी चांगली मानसं. पर पयला शबुद कुनी टाकायचा, ह्यातच एक गेला की वं.”

सरांच्या मागं त्यांचे धडे राहिले होते. एवढ्या वर्षांच्या स्लाइड, सगळ्या एका पेनड्राइव्हवर. मी मोठ्या आशेनं तो नव्या संगणकाला लावला. फोटो दिसले. खटाव-माणचे उघडे डोंगर, औंधच्या यमाईच्या टेकडीवरून दिसणारं माळरान, कोरड्या ओढ्यात खणलेला झरा. पण अक्षरं? जिथं मराठी असायला हवं तिथं इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम यांची खिचडी झालेली. सरांनी सगळं एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलं होतं. तो फॉन्ट ज्या संगणकावर होता तो नवे आले तेव्हा भंगारात गेला, आणि फॉन्टशिवाय ते मराठी मराठी राहत नव्हतं. मी मुख्याध्यापकांना दाखवलं. ते हळहळले आणि म्हणाले, “सोडून द्या. तुम्ही तरुण आहात, नवे धडे करा.” बाई तिथंच वह्या तपासत होत्या.

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरल्या त्या सरळ माझ्याकडे आल्या. “त्या पेनड्राइव्हची एक प्रत मला दे.” मी दिली. चार दिवसांनी म्हणाल्या, “करता येईल. कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर, हे कळलं की मॅक्रो प्रत्येक स्लाइडवर जाऊन जुनं काढून नवं लावत जाईल. पण ते कळायला सरांनी कागदावर छापलेलं काहीतरी पाहिजे. पडद्यावरचं आणि कागदावरचं शेजारी ठेवून ताडून बघावं लागेल.” मग चष्मा कपाळावर ढकलून, “कागद असतील तर त्यांच्या घरी असतील. तू येशील माझ्याबरोबर?”

मान्यांचं घर बेदाण्याच्या शेडांच्या पलीकडे होतं. माने वहिनी दारातच उभ्या राहिल्या. मला ‘या’ म्हणाल्या, बाईंना नाही. बाईंनी चप्पल काढून उंबऱ्याबाहेरच काय हवं ते सांगितलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मानूस जित्ता हुता तवा येका शबदानं बोलला न्हाईसा. आता त्येच्या कागदांवाचून काय अडलंय तुमचं?”

मला वाटलं, बाई काहीतरी धारदार बोलणार. पण त्या खाली बघत होत्या. म्हणाल्या, “माझं चुकलं, वहिनी. आधी मी बोलायला पाहिजे होतं. पण एक सांगते. माझं भांडण त्यांच्याशी होतं, त्यांच्या धड्यांशी नव्हतं. ते धडे आता कुणालाच वाचता येत नाहीत. मला ते वाचण्याजोगे करून द्यायचेत. तुम्ही नको म्हणालात तर मी परत जाते.”

वहिनी आत गेल्या. आम्ही उन्हात उभ्या होतो. बऱ्याच वेळानं त्या एक कापडी पिशवी घेऊन आल्या, तिच्यात सरांनी मुलांसाठी छापलेले टिपणांचे कागद होते. पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. “फाडू नगा,” एवढंच म्हणाल्या.

ती मे महिन्याची सुट्टी आम्ही दोघींनी शाळेच्या संगणक-खोलीत काढली. मी कागद वाचायची, बाई पडद्यावर चिन्हं शोधायच्या. अमुक चिन्ह म्हणजे क, तमुक म्हणजे अर्धा स. जोडाक्षरं आधी बदलायची, सुटी अक्षरं मागून, नाहीतर ‘क्ष’ची चाळण होते, हे दोन दिवस डोकं आपटल्यावर कळलं. एका दुपारी बाईंनी घाईत फाइल नेहमीच्या प्रकारात साठवली. त्या प्रकारात मॅक्रो टिकत नाही; सॉफ्टवेअरनं विचारलंही होतं, बाईंनी न वाचता ‘होय’ दाबलं. फाइल पुन्हा उघडली तर लिहिलेलं सगळं नाहीसं. मला रडू यायचं बाकी होतं. बाईंनी माठातलं पाणी प्यायलं, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला घेतलं. “दुसऱ्यांदाच लिहायलेय,” म्हणाल्या. “अजून सरावात मोडतंय.”

खरी परीक्षा पाहिली ती ऱ्हस्व वेलांटीनं आणि रफारानं. ‘दिवस’ म्हणताना आपण द आधी म्हणतो, पण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी टाईप व्हायची आणि द नंतर. नव्या पद्धतीत द आधी, वेलांटी नंतर. त्यामुळे मॅक्रो चालवला की सगळ्या वेलांट्या अक्षरं सोडून एकट्याच पुढं येऊन उभ्या राहायच्या. त्यांना अक्षराच्या नंतर नेऊन बसवायला बाईंनी मॅक्रोला शिकवलं. रफाराचं उलटं. “हा बघ साहेब,” बाई म्हणायच्या, “उच्चारात आधी, लिहिताना डोक्यावर, टाईप करताना सगळ्यात शेवटी.” त्याला उचलून अक्षराच्या आधी न्यावं लागे. तेही जमलं. पण एकाच अक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले की सगळं बिनसायचं. रफार अक्षराच्या आधी जायला निघायचा, वाटेत त्याला वेलांटी भेटायची, आणि तिलाच अक्षर समजून तो तिथंच बसायचा. ‘आर्थिक’ मोडायचा, ‘मार्मिक’ मोडायचा आणि सरांच्या जवळजवळ प्रत्येक धड्यात असलेला ‘वार्षिक’ मोडायचा. वार्षिक पर्जन्यमान. माणच्या माणसानं आयुष्यभर शिकवलेले ते दोन शब्द, आणि तेच धड उमटत नव्हते.

बाईंनी त्या एका शब्दावर कितीतरी दिवस घातले. घरी जाताना एसटीतही तिकिटाच्या मागं बाण काढत बसायच्या. मी एकदा म्हटलं, “बाई, तो एवढा शब्द हातानं दुरुस्त करू या का? मी करते बसून.” त्यांनी मान हलवली. “हातानं करायला माझी ना नाही. पण मला त्या माणसाचं काम अर्धवट हातात घ्यायचं नाही.” एका सकाळी आल्या त्याच हसत. रफारानं वाटेत काना-मात्रा-वेलांटी काहीही भेटलं तरी न थांबता थेट व्यंजनापर्यंत जायचं, असं त्यांनी लिहिलं. बटण दाबलं. पडद्यावर काळ्याभोर अक्षरांत उभं राहिलं : वार्षिक पर्जन्यमान, माण तालुका. बाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या.

“झालं बाई,” मी म्हटलं.

“झालं कुठलं? बटणानं काम होतं, खात्री होत नाही. आता वाचायचं.”

आणि त्यांनी वाचलं. सरांचा एकेक धडा, एकेक स्लाइड, एकेक ओळ, छापील कागद शेजारी ठेवून. ज्या माणसाशी वर्षानुवर्षं एक वाक्य बोलल्या नाहीत, त्याचं सगळं शिकवणं त्या महिन्यात त्यांनी अक्षर अक्षर वाचलं. स्लाइडच्या खाली शिक्षकानं स्वतःसाठी टिपण लिहायची जागा असते. वर्गाला ती दिसत नाही. सरांनी तिथंही लिहिलेलं होतं. बाईंनी मॅक्रोला तिथंही जायला सांगितलं. एका धड्याखाली होतं : ‘इथं कुणीतरी जांभई देईल. त्याला उभं करू नये. आपणच जरा हळू बोलत असू.’ दुसऱ्याखाली : ‘ढगाचे प्रकार सांगताना मुलांना खिडकीबाहेर बघू द्यावं. आमच्या गावात ढग नसायचे तेव्हा आम्ही पुस्तकातच बघत होतो.’

बाई वाचताना मोठ्यानं हसल्या आणि हसता हसता थांबल्या. “हा माणूस विनोदी होता की गं,” त्या म्हणाल्या. “मला माहीतच नव्हतं.” मग त्या उठून व्हरांड्यात गेल्या. मी मागोमाग गेले नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. दहावीच्या वर्गात मी सरांचा धडा लावणार होते. बाई आदल्या दिवशी एकट्याच माने वहिनींकडे जाऊन आल्या होत्या. वहिनी आल्या, शेवटच्या बाकावर अंग चोरून बसल्या. पडद्यावर माण उजळला. वहिनी ओठ हलवत एकेक अक्षर वाचत होत्या. कोरड्या ओढ्याचा फोटो आला तशा हलक्या आवाजात म्हणाल्या, “ह्यो वडा आमचाच हाय.” मुलं वळून बघायला लागली. कुणीतरी विचारलं, “तुमच्या गावचा व्हय?” वहिनींनी मान डोलावली. मी सरांचं ढगांचं टिपण वाचून दाखवलं, तशी मुलं खिडकीकडं बघायला लागली आणि वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हसत होत्या.

प्रत्येक स्लाइडच्या तळाशी बाईंनी मॅक्रोकडून एक ओळ घालून घेतली होती : ‘धडा – माने सर’. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, तुमचंही नाव यायला हवं.” बाई म्हणाल्या, “मी काय केलं? अक्षरं जागेवर बसवली. बोललेत ते.” आणि त्यावर चर्चा होऊ दिली नाही.

वर्ग सुटला तेव्हा बाई बाहेर पायरीवर उभ्या होत्या. आत आल्याच नव्हत्या. वहिनी त्यांच्याजवळ थांबल्या. मग वहिनी म्हणाल्या, “आवं बाई, च्या प्याला या की कवातरी. भाईर उबं ऱ्हाऊन बोलनं बरं न्हवं.” बाई म्हणाल्या, “येते.” पुढं त्या जात राहिल्या. घंटेनंतर एसटी पकडायच्या आधी, जरा वेळ. तिथं काय बोलणं व्हायचं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

बाई निवृत्त झाल्या त्या वर्षी त्यांनी निरोपसमारंभात भाषण केलं नाही. त्याऐवजी आठवडाभर आधीपासून प्रत्येक शिक्षकाला शेजारी बसवून मॅक्रो लिहायला लावला. स्वतःच्या हातानं. हिंदीच्या सरांनी हात जोडले, “बाई, तुम्हीच लिहून द्या, मी जपून वापरतो.” बाईंनी ऐकलं नाही. “मी दिलेलं बिघडलं तर कुणाकडं जाल? शिका.” माझ्या पहिल्या मॅक्रोनं सगळ्या फोटोंचं तोंड उलटं केलं होतं. त्यावर बाई एवढंच म्हणाल्या, “सांगितलं तसंच केलंय त्यानं. तू काय सांगितलंस ते वाच.” आजही काही बिनसलं की मी दुसऱ्याचा दोष शोधायच्या आधी मी काय सांगितलं होतं, ते पुन्हा वाचते. फक्त संगणकावरच नव्हे. घरातही.

मागच्या वर्षी बाई गेल्या. आजार लांबला होता. त्यांच्या भावाचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. मामांनी येऊन सांगितलं आणि दाराशीच बसले. सांगलीला पोचले तर माने वहिनी माझ्याआधी येऊन बसलेल्या होत्या. कुणाच्या सोबतीनं आल्या, कशा आल्या, कुणाला कळलं नव्हतं.

पण मला ते घर आठवतं ते त्या दिवसाचं नाही, त्याच्या पंधरवडाभर आधीचं. मी भेटायला गेले होते. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, हात अगदी काडीसारखे झालेले. नेहमीसारखं विचारलं, “आज काय शिकवलंस?”

“पर्जन्यछाया. सरांचाच धडा.”

“मुलांनी काय विचारलं?”

मी सांगितलं. वारे ढग घेऊन येतात, घाटावर आपटतात, अलीकडे सगळा पाऊस पडून जातो आणि पलीकडे माणसारखा मुलूख कोरडा राहतो, हे सरांच्या चित्रांवरून मी समजावलं होतं. तेव्हा एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “बाई, पण डोंगराच्या पलीकडच्यांनी काय वाईट केलं होतं?”

बाई ऐकत होत्या. “मग? काय सांगितलंस तिला?”

“तुम्हाला विचारून सांगते म्हटलं, बाई.”

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. वाटलं, डोळा लागला. मी उठायला लागले, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

“हे गणितात नाही बघ,” त्या म्हणाल्या. “हे मान्यांना विचारायला पाहिजे होतं.”